जित्यांना न्हाऊ घालणारी

जोहराबीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका बेशुद्ध माणसाच्या पायाची बोटं साबणाने घासत होती. डॉक्टर त्या माणसाला इंजेक्शनामागून इंजेक्शन देत होते, ऑक्सिजनचा सिलिंडर सूं सूं करत होता, दारात त्याची बायको रडत होती, आणि ही बाई आपल्या नातवाला अंघोळ घालावी तशी त्याला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करत शांतपणे धूत होती. माझा त्या दवाखान्यातला पहिलाच दिवस. नर्सिंगच्या अभ्यासात आम्हाला शिकवलं होतं की विषबाधेच्या रुग्णाचे कपडे काढून त्याचं अंग स्वच्छ करावं. पुस्तकात ती एक ओळ होती. ती एक ओळ म्हणजे केवढं काम असतं, ते मी त्या दिवशी दारात उभी राहून बघितलं.

आमचा दवाखाना जुन्नरच्या बाहेर, रस्त्याला लागून आहे. खासगी, लहानसा. मी मूळची शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या लोणीची, समृद्धी माझं नाव. आमच्या या दोन्ही तालुक्यांत टोमॅटो, कांदा, द्राक्षं सगळं पिकतं आणि औषध मारल्याशिवाय त्यातलं काही हाताला लागत नाही. त्यामुळे विषबाधेचे रुग्ण आमच्याकडे बारा महिने येतात. कुणाच्या पाठीवर पंप गळलेला असतो, कुणी औषधाच्याच हाताने तंबाखू मळलेली असते, कुणाच्या घरात थंड पेयाच्या बाटलीत औषध भरून ठेवलेलं असतं आणि कुणीतरी ते पाणी समजून तोंडाला लावतं. काही जणांनी जाणूनबुजून घेतलेलं असतं, त्यांच्याबद्दल आम्ही बाहेर बोलत नाही. अवस्था मात्र सगळ्यांची सारखीच. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, दरदरून घाम, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. आणि हे विष कातडीतूनही आत जातं. डॉक्टर उताऱ्याचं औषध देत राहतात, पण कपड्यांत, केसांत, नखांत जे उरलेलं असतं ते इकडून आत झिरपत राहतं. ते थांबवायचं तर माणूस धुवावा लागतो, आणि लगेच धुवावा लागतो.

हे काम जोहराबीकडे कसं आलं ते मला आमच्या डॉक्टरांनी, भरत सरांनी सांगितलं.

जोहराबीचे यजमान महंमद हनीफ जुन्नरच्या पेठेत स्टोव्ह आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. ते अचानक गेले तेव्हा मुलगा इरफान नुकता वेल्डिंग शिकत होता. जोहराबी दवाखान्यात साफसफाईच्या कामाला लागली. फरशी पुसायची, चादरी धुवायच्या, रुग्णांना चहा आणून द्यायचा. कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. एक दिवस भरदुपारी टेम्पोत घालून एक रुग्ण आणला. त्याच्या अंगाला औषधाचा असा उग्र वास येत होता की त्या वेळच्या आयाबाईंना ओकारी आली आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. सर एकटेच एका हाताने सलाईन लावत होते आणि पाणी आणा, पाणी आणा म्हणून ओरडत होते. जोहराबी हातातला पोछा टाकून आत आली. सरांनी तिला भराभर सांगायला सुरुवात केली, आधी कपडे कापून काढा, मग साबण, कानामागे, बेंबीत, काखेत, नखांखाली. ती ऐकत होती आणि हात चालवत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "हे समदं येतं मला, डॉक्टरसायेब. फकस्त ह्यो जिता हाय."

सरांना तिच्या बोलण्याचा अर्थ नंतर कळला. जोहराबीच्या मोहल्ल्यात कुणी बाई वारली की तिला शेवटची अंघोळ घालायला जोहराबीच्या सासूला बोलावत. त्याचे कुणी पैसे घेत नाही, ती सेवा असते. सासू थकली तेव्हा तिने सुनेला बरोबर न्यायला सुरुवात केली. पहिल्या वेळी जोहराबी दारातच थांबली होती, आत पाऊल पडेना. सासूने तिला काही समजावलं नाही, फक्त पाण्याचा तांब्या हातात दिला आणि म्हणाली, मी सांगीन तिथे ओत. असं करत करत ती शिकली. अंगावर चादर कायम ठेवायची आणि हाताला फडकं बांधून चादरीखालूनच धुवायचं, पाणी सोसवेल एवढंच ऊन घ्यायचं, हात हलका ठेवायचा. आणि त्या अंगावर जे दिसेल ते कुणाला सांगायचं नाही. सासूच्या शिकवणीत ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी होती.

दवाखान्यात आल्यावर या शेवटच्या गोष्टीत जोहराबीला थोडा बदल करावा लागला. एकदा एका तरुण बाईला धुताना तिला पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले. संध्याकाळी तिने सरांना बाजूला बोलावून सांगितलं, आणि त्यामुळे पुढे त्या बाईची माहेरी जायची सोय लागली. जोहराबीने मला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "मेलेल्याचं झाकायचं. जित्याचं डॉक्टरला सांगायचं. लई इचार केला मी त्याच्यावर."

मी तिला मावशी म्हणायला लागले. तिच्याकडून मी पुष्कळ शिकले, आणि तीही माझ्याकडून औषधांची नावं विचारून घ्यायची. उताऱ्याचं ते इंजेक्शन किती द्यायचं याचा सरांचा हिशेब कशावर चालतो, हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं की छातीतली घरघर थांबली पाहिजे, घाम सुकला पाहिजे, नाडी वाढली पाहिजे. तेव्हापासून ती धुताधुता रुग्णाच्या काखेत हात लावून बघायची आणि म्हणायची, सर, अजून वलं हाय. सर मान हलवायचे आणि इंजेक्शनची पुढची कुपी फोडायचे. वाईट हंगामात एका माणसासाठी त्या काचेच्या बारक्या कुप्यांचा ढीग पडायचा. फोडून फोडून आमची बोटं कापायची.

माझ्या नोकरीला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा जोहराबीवरच प्रसंग आला.

घोडेगावकडचा एक माणूस आणला होता. त्याला धुताना त्याने जोहराबीच्या अंगावर भडाभडा उलटी केली. तिची साडी पुढून सगळी भिजली. हातमोजा एका बोटाला फाटला होता तेही तिने बघितलं नाही. माणूस हातचा जात होता, त्यामुळे तिने पदर पिळला आणि काम चालू ठेवलं. आम्हीही सगळे त्या रुग्णात गुंतलो होतो. तो सावरला, त्याला वर नेला. जोहराबी फरशी धुवायला थांबली. थोड्या वेळाने मी खाली आले तर ती भिंतीला टेकून बसली होती.

"सिस्टर, ढग आलं का? अंधारून आलंय सारं."

बाहेर लख्ख ऊन होतं. मी तिची हनुवटी वर केली आणि डोळ्यांत बघितलं. बाहुल्यांचे नुसते ठिपके झाले होते.

मी सरांना हाक मारली. पुढची धावपळ नेहमीसारखीच झाली, फक्त रुग्णाला धुवायच्या कडाप्प्याच्या ओट्यावर आज जोहराबी होती. लंकाबाई नावाची दुसरी आया होती, तिने बादल्या ओतल्या. टाकीतलं गार पाणी. मी सुई लावली, कुणीतरी साडी कापली. ती धुवायची जागा म्हणजे तपासणीच्या खोलीतून मागच्या अंगणात जाणारी बोळ. दार उघडंच होतं, कारण तिथूनच सिलिंडर आत येत होता आणि सिलिंडर आणणारी माणसं जात-येत होती. जोहराबी शुद्धीवर होती. तिचा एक हात सारखा खाली पडलेल्या ओल्या साडीचं टोक शोधत होता.

तिला विष फार चढलं नव्हतं. चार दिवसांत ती उठून बसली. इरफान तिला न्यायला आला तो सरांशी नीट बोललाही नाही. आता तो स्वतःचं वेल्डिंगचं दुकान चालवत होता, घरात सून होती, अलिझा नावाची नात होती. आईने लोकांचं विष अंगावर घ्यायची काय गरज आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. जोहराबी घरी बसली.

महिना गेला, दीड महिना गेला. एका सुटीच्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिने चहा केला, बशीत नानखटाई दिली. अलिझाच्या वेण्या घालता घालता ती माझ्याशी बोलत होती. मला वाटत होतं ती घाबरली असेल, आणि मी तिला धीर देणारं काहीतरी बोलले. तिने वेणीची गाठ मारली, पोरीला बाहेर खेळायला पाठवलं आणि माझ्याकडे वळली.

"मरणाची भीती न्हाई वाटली, सिस्टर. लाज वाटली. गार पाण्यानं अंग काकडत व्हतं आन् माणसं येत-जात व्हती. आमी मेलेल्या बाईवरची चादर हलू देत न्हाई. आन् जित्या बाईला तसंच टाकतो."

मग पुढे म्हणाली, "तुमचं काय चुकलं न्हाई. मीबी इतकी वर्सं तेच केलं. घाईघाईत. मला म्हाईत असून."

पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात आली, ती सरळ सरांच्या खोलीत. कामावर परत यायचं म्हणत होती, पण काही गोष्टी मागत होती. बोळीला पडदा पाहिजे. गरम पाणी पाहिजे. मोठ्या जाड चादरी पाहिजेत, धुताना अंगावर टाकायला. आणि धुणाऱ्या बाईला गळ्यापासून पायापर्यंत रबरी एप्रन आणि जाड हातमोजे पाहिजेत. एप्रन आणि मोज्यांचं सरांनी लगेच कबूल केलं, ते आधीच आणायला हवे होते असंही म्हणाले. पाणी कोमटच ठेवायचं, कारण गरम पाण्याने कातडीची छिद्रं उघडतात आणि विष आणखी आत जातं, हे त्यांनी तिला समजावलं. ते तिला पटलं. चादरीला मात्र ते तयार नव्हते. चादरीखालून धुवायचं म्हणजे वेळ जाणार, आणि इथे वेळेवर माणसाचा जीव असतो.

तेव्हा जोहराबीने लंकाबाईला कडाप्प्यावर झोपवलं. लंकाबाई अंगातल्या कपड्यांसकट आडवी झाली आणि हसू दाबत डोळे मिटून राहिली. जोहराबीने तिच्यावर चादर टाकली आणि करून दाखवलं. ज्या बाजूला धुवायचं तेवढीच चादर दुमडायची, धुवायचं, झाकायचं, पुढे सरकायचं. कुठेही हात अडला नाही. सर घड्याळाकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले की नेहमीपेक्षा हे लवकर झालं, कारण काय धुतलं आणि काय राहिलं याचा गोंधळ होत नाही. चादर पक्की झाली.

इरफानला हे सगळं पसंत नव्हतं. पण आई ऐकणार नाही हे कळल्यावर त्याने स्वतःच येऊन बोळीचं माप घेतलं आणि पाइपची चौकट जोडून तिला पडदा लावून दिला. चाकं लावली होती, सिलिंडर आत घ्यायचा असेल तेव्हा ती सरकवता येते. जाताना त्याने एप्रन हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, शिवणी ओढून बघितल्या, आणि मग गेला.

त्यानंतर डिंगोऱ्याची हर्षाली आली.

हर्षाली आणि तिचा नवरा सार्थक टोमॅटोवर औषध मारत होते. तो यंत्राजवळ, ती पुढे पाइप ओढायला. मध्येच पाइपचा जोड निसटला आणि औषधाचा फवारा तिच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर आला. तिने तोंड धुतलं आणि तशीच कामाला लागली. टाकीत औषध उरलं होतं, ते संपवायचं होतं. दुपारी तिला गरगरायला लागलं, उलट्या झाल्या, मग बोलता येईना. सार्थक आणि त्याची आई साळुबाई तिला शेजाऱ्याच्या गाडीतून आमच्याकडे घेऊन आले. ती गाडीतून उतरवली तेव्हाच तिच्या तोंडातून फेस येत होता आणि गालाचे स्नायू उडत होते.

सरांनी इंजेक्शनं सुरू केली. जोहराबी एप्रन चढवून पडद्याआड तयार होती. तेवढ्यात बाहेर बाकावर बसलेल्या कुणीतरी साळुबाईच्या कानात सांगितलं की ही बाई जुन्नरात मढी धुते. साळुबाई पडदा बाजूला करून आत आली आणि सुनेच्या आडवी उभी राहिली.

"हिचा हात नको. माझी सून जिती हाय अजून."

मी काही बोलायला गेले, तर जोहराबीने मला खुणेने थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. हे तिने पहिल्यांदा ऐकलं नसावं. तिने खुंटीवरचा दुसरा एप्रन काढला आणि साळुबाईच्या गळ्यात घातला, मोजे तिच्या हातांवर चढवले, आणि साबण दिला.

"बराबर हाय, आक्का. तुमी धुवा. मी निस्तं पाणी घालते आन् सांगते. पर आता बोलायला टाइम न्हाई."

साळुबाई गोंधळली, पण तिचे हात पुढे झाले. जोहराबी चादरीचा काठ धरून सांगत गेली, आधी मान, आता खांदा, आता काखेत, अजून चोळा, घाबरू नका, तिला दुखत न्हाई. साळुबाईच्या हातातून साबण दोनदा निसटून पडला. पाठ आली तेव्हा हर्षालीला कुशीवर वळवायचं होतं, आणि ते साळुबाईला एकटीला जमेना. तिने मान वर केली.

"भाभी, तुमीच धरा आता."

मग दोघींनी मिळून तिला धुतलं. जोहराबी वळवायची, साळुबाई घासायची. नखं साळुबाईनेच केली. केसांवर दोन-तीनदा साबण फिरवून पाणी ओतलं, पण तोवर हर्षालीचा श्वास अडायला लागला. सर म्हणाले आता नळी घालावी लागेल. तिला उचलून वर नेलं आणि श्वासाच्या यंत्राला जोडलं.

रात्रभर ती स्थिर होती. सकाळी पुन्हा घाम सुटला, बाहुल्या पुन्हा बारीक झाल्या. जेवढं औषध दिलं होतं तेवढ्यावर असं व्हायला नको होतं. सर पलंगाजवळ उभे राहून विचार करत होते. मग म्हणाले, "केस बघा. मुळापासून." हर्षालीची वेणी कमरेच्या खाली जायची, आणि डोक्याला भरपूर तेल होतं. जोहराबीने वेणी उकलत वर नेली आणि मानेपाशी नाक लावलं. तिने माझ्याकडे बघितलं, मीही वास घेतला. फवारणीचं औषध तेलात धरून मुळाशी बसलं होतं. सरांनी सांगितलं की धुण्यात वेळ घालवायचा नाही, केस काढून टाका आणि मग डोकं साबणाने धुवा.

सार्थकने हो म्हणायला क्षणही लावला नाही. साळुबाई मात्र सुनेच्या उशाशी तशीच उभी राहिली. त्या केसांना लग्न झाल्यापासून दर रविवारी तिनेच तेल लावलं होतं, हे तिने आम्हाला नंतर सांगितलं. सवाशणीचे केस कापायचे म्हणजे काय, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती, आणि ते न कापले तर काय, हेही तिला कळत होतं. जोहराबीने कात्री काढली होती. साळुबाईने तिच्यापुढे हात केला.

"माझ्या हातानं कापते. तुमी डोकं धरा तेवढं."

जोहराबीने हर्षालीचं डोकं आपल्या दोन्ही तळहातांत घेतलं, तोंडातली नळी हलणार नाही असं. साळुबाईने कापायला सुरुवात केली. या वेळी तिच्या हातातून काही निसटलं नाही. केस पिशवीत भरले, पिशवी बांधून बाहेर पाठवली, डोकं तीनदा धुतलं. दुपारपर्यंत घाम सुकला.

तरी अजून एक घाबरवणारा दिवस बाकी होता. नळी काढल्यावर हर्षाली शुद्धीवर आली ती भलतंच काहीतरी बरळत. डोळे ताणलेले, तोंड कोरडं, गाल लाल. दोन्ही हातांनी ती सारखी चादरीवरून काहीतरी खुडत होती आणि बाजूला टाकत होती. साळुबाईचा चेहरा उतरला. तिने वळून जोहराबीकडे बघितलं, आणि ती पहिल्या दिवशीची शंका तिच्या डोळ्यांत पुन्हा आलेली मला दिसली. उताऱ्याच्या औषधाने असं होतं, दोन दिवसांत उतरतं, असं मी सांगितलं. पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

जोहराबी पलंगाच्या कडेला बसली आणि हर्षालीच्या बोटांकडे बघत राहिली. मग साळुबाईला म्हणाली, "आक्का, हे बगा की. टमाटी तोडतीया ती."

साळुबाई वाकून बघू लागली. खरंच, बोटं देठाशी जावीत तशी जात होती, मनगट अर्धं वळत होतं, आणि हात डावीकडे जाऊन अलगद खाली टेकत होता, जिथे रोज क्रेट असतो तिथे. साळुबाईच्या तोंडून रडण्यासारखा आणि हसण्यासारखा आवाज एकदमच निघाला. तिने सुनेचे हात धरले.

"झाली तोडणी, बाई. भरली क्रेटं. बस आता."

हर्षालीचे हात थोडा वेळ थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि रात्री कधीतरी तिला झोप लागली.

ती घरी गेली तेव्हा डोक्याला स्कार्फ बांधला होता आणि चालताना नवऱ्याचा हात धरावा लागत होता, पण स्वतःच्या पायांनी गाडीत बसली. साळुबाई सरांच्या पाया पडली. जोहराबीच्या पाया पडायला वाकली तर जोहराबीने तिला मध्येच धरलं, आणि मग दोघी तशाच एकमेकींचे खांदे धरून उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

दिवाळीनंतर साळुबाईचा फोन आला. गावातल्या बायकांना जमवते, भाभींना घेऊन या, असं म्हणाली. जोहराबी आधी तयारच होईना. चार माणसांत बोलायची तिला सवय नाही. शेवटी मी बोलीन आणि ती नुसतं दाखवेल असं ठरलं. इरफानने आम्हाला आपल्या गाडीतून नेलं. शाळेच्या पडवीत तीस-चाळीस बायका बसल्या होत्या. हर्षालीही होती, कानापर्यंत केस आलेले. मी पाचेक मिनिटं बोलले असेन. मग एका म्हातारीने विचारलं की विष पोटात गेलं की मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची ना? आणि जोहराबी, जी बोलणार नव्हती, ती एकदम उभी राहिली.

तिने सांगितलं की ओकायला लावायचं नाही. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. डाव्या कुशीवर निजवायचं. कपडे काढायचे, काढताना आपले हात झाकायचे, नसले मोजे तर प्लास्टिकची पिशवी बांधायची. धुवायचं, केससुद्धा. औषधाचा डबा नाहीतर बाटली गाडीत टाकून आणायची, म्हणजे डॉक्टरला कळतं. आणि निघायचं, वाटेत कुठं थांबायचं नाही. बायका विचारत गेल्या, ती सांगत गेली. फवारणीची साडी घरच्या कपड्यांत धुतली तर चालते का? पाळीत, पोटुशी असताना पाइप ओढला तर? लहान बाळाला अंगावर पाजायच्या आधी काय करायचं? जे तिला ठाऊक नव्हतं त्याला ती सरळ म्हणायची, मला म्हाईत न्हाई, सिस्टर सांगतील. इरफान पडवीच्या खांबाला टेकून ऐकत होता. परत येताना गाडीत त्याने आईला विचारलं की ते जाड मोजे कुठे मिळतात, दुकानात ठेवता येतील का.

आता तो ठेवतो. वडिलांप्रमाणे तोही पंप दुरुस्त करतो, आणि पंप घेऊन येणाऱ्याला तो आधी पाइपचे जोड तपासून देतो आणि मोजे दाखवतो. काही जण घेतात, काही जण हसून निघून जातात.

जोहराबीचे गुडघे अलीकडे दुखतात. सरांनी तिला एक उंच स्टूल आणून दिलंय, त्यावर बसून ती धुते. दोन नव्या आया तिच्या हाताखाली आहेत. तिने त्यांना शिकवलेली पहिली गोष्ट चादर. आजूबाजूच्या दवाखान्यांतल्याही काही जणी येऊन बघून गेल्या. मोहल्ल्यात कुणी बाई वारली की अजूनही तिलाच बोलावतात. त्या दिवशी ती उशिरा येते, आणि का उशीर झाला ते आम्ही विचारत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी असाच एक दिवस होता. सकाळी ती मोहल्ल्यात गेली होती, तिची लहानपणापासूनची मैत्रीण वारली होती. दुपारी आली ती डोळे सुजलेले. मी तिला म्हटलं, मावशी, आज बसून राहा, आम्ही करतो. ती बसली. तासाभरात शिनोलीहून एक तीन वर्षांची मुलगी आणली. गोठ्यात खेळताना तिने औषधाची बाटली अंगावर ओतून घेतली होती. आईने शहाणपणा केला होता, तिथल्या तिथे फ्रॉक काढून तिला हौदावर धुतलं होतं आणि बाटली बरोबर आणली होती. तरी पोर मलूल झाली होती, नाकातोंडातून लाळ गळत होती.

जोहराबी स्टुलावर जाऊन बसली. सरांनी त्या बारक्या हाताला सुई लावली आणि मोजून औषध दिलं. जोहराबीने पोरीला आडव्या धरलेल्या हातावर घेतलं, चादरीचं टोक तिच्यावर टाकलं आणि कोमट पाण्याची धार डोक्यावर धरली. कानामागे, मानेच्या वळीत, मुठी उघडून बोटांच्या मध्ये. पोर निपचित होती. आम्ही सगळे तिच्या छातीकडे बघत होतो. सरांनी पुन्हा औषध दिलं. जोहराबीने दुसऱ्यांदा साबण लावला.

मग त्या पोरीने डोळे घट्ट मिटले, तोंड वाकडं केलं आणि जोरात भोकाड पसरलं. साबण डोळ्यांत गेला होता. ती जोहराबीचे मोजे ढकलत होती, पाय झाडत होती, आईला हाका मारत होती. पडद्याबाहेरून आई घाबरून आत आली, तिला काय दुखतंय, काय झालं, असं विचारत.

"काय न्हाई, लेकी," जोहराबी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच ती हसली होती. "रडू दे तिला. लई झ्याक रडतीया."